आपली तळी : निसर्गाची थोडी, माणसांची फार

भूगोलाच्या तासाला एकदा एका विद्यार्थ्याने मला विचारले, “सर, फिनलंडला हजार तळ्यांचा देश म्हणतात. अमेरिकेतले मिनेसोटा हे दहा हजार तळ्यांचे राज्य म्हणवून घेते. मग आपल्याकडे किती तळी आहेत?” मी उत्तर देण्यापूर्वीच मागच्या बाकावरून दुसरा बोलला, “आपल्याकडे कसली आली तळी? आपल्याकडे टँकर येतात!” सगळा वर्ग हसला. मीही हसलो. परंतु घरी जाताना मनात आले, की विचारणाराचा प्रश्न मोठा चांगला होता, आणि मागच्या बाकावरचे उत्तर अर्धे खरे, अर्धे चुकीचे होते. त्याच प्रश्नाचे जरा सविस्तर उत्तर आज आपण पाहू या.

आधी आकडा सांगतो. आपल्या देशातील जलसाठ्यांची पहिली गणना २०२३ साली प्रसिद्ध झाली. तळी, तलाव, सरोवरे, जलाशय, पाझर तलाव, बंधारे असे सगळे मिळून देशात २४ लाखांवर जलसाठे मोजले गेले. त्यांतील ९७ हजारांवर एकट्या महाराष्ट्रात आहेत. म्हणजे मिनेसोटाने दहा हजार म्हणावे, तर आपण त्याच्या नऊपट म्हणायला हरकत नाही! मात्र या दोन आकड्यांत एक मोठा फरक आहे. तिकडची तळी निसर्गाने दिलेली आहेत. आपली जवळ जवळ सगळी माणसांनी केलेली आहेत. साऱ्या देशाचा हिशेब घेतला, तर शंभरांतले बावीस जलसाठे नैसर्गिक निघतात. महाराष्ट्रात शंभरांतला एकही धड निघत नाही.

असे का व्हावे? त्याचे उत्तर जमिनीच्या जन्मकथेत आहे. तळे होण्यासाठी दोन गोष्टी लागतात : पाणी आणि खळगा. पाणी आकाश देते, पण खळगा कोणी तरी खणावा लागतो. फिनलंडमध्ये आणि मिनेसोटात हे काम बर्फाने केले. हजारो वर्षांपूर्वी त्या भूमीवर बर्फाचे प्रचंड थर होते. ते सरकत गेले तसतशी त्यांनी जमीन खरवडून काढली, कोठे खड्डे पाडले, कोठे मातीदगडांचे ढीग टाकले. पुढे हवा तापली, बर्फ वितळला आणि ते खड्डे पाण्याने भरले. फिनलंडमध्ये अशी लहानमोठी मिळून १ लाख ८८ हजारांच्या आसपास तळी आहेत. मिनेसोटात दहा एकरांहून मोठी तेवढीच मोजली, तरी ११,८४२ भरतात. आपल्याकडे उत्तर प्रदेश-बिहारच्या मैदानात नद्या आपली जुनी वळणे टाकून देतात, आणि त्या टाकलेल्या वळणांत पाणी साचून तळी होतात. केरळात समुद्राकाठच्या वाळूच्या बांधामागे पाणी अडते आणि कायल तयार होतात.

आपल्या दख्खनच्या पठारावर यांतले काहीच घडले नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तप्त लाव्हा बाहेर आला आणि थरावर थर पसरत गेला. तोच हा आपला काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट. त्यानंतर कोट्यवधी वर्षे ऊन, वारा आणि पाऊस या पठारावर काम करीत राहिले. नाल्यांनी ओढे शोधले, ओढ्यांनी नद्या शोधल्या, आणि पाण्याला वाहून जायला जागोजाग वाट झाली. जेथे कधी काळी खळगे असतील, तेही नद्यांनी एका बाजूने कापून रिकामे केले किंवा गाळाने भरून टाकले. म्हणून आपल्या जमिनीवर पडलेले पाणी थांबत नाही. ते उताराला लागते. पावसाळ्यात ओढ्याला पूर येतो आणि दोन दिवसांनी तोच ओढा पायाखाली कोरडा लागतो, हे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत.

हिंगोली जिल्ह्याचेच पहा. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा पाच तालुक्यांचा जिल्हा. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत. उत्तरेला आणि पूर्वेला पैनगंगा, नैर्ऋत्येला पूर्णा आणि मधून वाहणारी कयाधू. शाळेत मुलांना सांगण्यासारखी एक गंमत येथे आहे. औंढ्याच्या बाजूच्या डोंगरमाथ्यावर पावसाचे दोन थेंब शेजारी शेजारी पडले असे समजा. एक दक्षिणेकडे घरंगळला, तर तो पूर्णेत जाईल, पूर्णेबरोबर परभणी जिल्ह्यात गोदावरीला मिळेल आणि नांदेडच्या घाटावरून पुढे तेलंगणात शिरेल. दुसरा उत्तरेकडे घरंगळला, तर तो कयाधूत पडेल. ज्या नर्सी गावाला नामदेव महाराजांचे जन्मस्थान मानतात, ते याच कयाधूच्या काठी आहे. तेथून तो थेंब पैनगंगेत, पैनगंगेतून चंद्रपूर जिल्ह्यात वर्धेत, वर्धेतून प्राणहितेत आणि शेवटी गडचिरोलीच्या टोकाला सिरोंच्याजवळ गोदावरीत जाईल. म्हणजे औंढ्याला ताटातूट झालेले दोन भाऊ शेकडो किलोमीटर भटकून पुन्हा सिरोंच्याला भेटतात! वाटेत कोणी अडवले नाही तर बरे का. आणि अडवणे, हाच आपल्या तळ्यांचा सगळा इतिहास आहे.

जाता जाता शिक्षकांसाठी एक सूचना. पूर्णा नावाच्या दोन नद्या आपल्या नकाशावर आहेत. एक आपली, अजिंठ्याच्या डोंगरातून निघून गोदावरीला मिळणारी. दुसरी वऱ्हाडातली, अमरावती-अकोल्याकडून पश्चिमेला वाहत तापीला मिळणारी. एकीचे पाणी बंगालच्या उपसागरात जाते, दुसरीचे अरबी समुद्रात. परीक्षेत मुले या दोघींची हमखास गल्लत करतात.

निसर्गाने आपल्याला जवळ जवळ तळी दिलीच नाहीत असे मी म्हटले. पण एक दिले आहे आणि ते असे दिले आहे, की साऱ्या जगाचे शास्त्रज्ञ ते पाहायला येतात. ते म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातले लोणार. हिंगोलीपासून सरळ रेषेत मोजले, तर ते सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर, वायव्येच्या बाजूला आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे जवळ जवळ गोल विवर आहे. काठावर उभे राहून पाहिले, तर खाली सव्वाशे-दीडशे मीटरवर हिरवट पाणी दिसते. लवणासुराला विष्णूने येथे मारले अशी कथा आहे आणि गावातले दैत्यसूदनाचे सुरेख मंदिर तिचीच आठवण देते. कथेतले नाव नीट ऐका : लवण म्हणजे मीठ. पाणी खारट आहे हे जुन्या लोकांना पक्के ठाऊक होते.

हे विवर झाले कसे, याविषयी बरेच दिवस मतभेद होते. भोवताली सगळा लाव्ह्याचा खडक, तेव्हा हेही ज्वालामुखीचेच तोंड असणार असे पुष्कळांना वाटे. विवरात खोल छिद्रे घेऊन तळाचे खडक तपासण्यात आले. प्रचंड आघातानेच तयार होणारी काच आणि तडकलेले खनिजकण त्यांत सापडले. १९७३ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले आणि हे काम आकाशातून आलेल्या पाषाणाचे आहे हे ठरले. हा आघात केव्हा झाला? पूर्वी सुमारे ५० हजार वर्षे असा अंदाज होता. पुढे अधिक सूक्ष्म पद्धतीने तपासणी झाली, तेव्हा तो ५ लाख ७० हजार वर्षांच्या आसपास गेला. काळ्या पाषाणात झालेले आणि इतके चांगले टिकलेले असे विवर जगात फार दुर्मिळ आहे.

आता लोणारचे पाणी खारे का, ते पहा, कारण त्यात एक धडा आहे. या विवराला पाणी आत यायला वाट आहे : पावसाचे पाणी येते, काठावरच्या धारेचे गोड पाणी येते. बाहेर जायला मात्र ओढा नाही. पाणी जाते ते वाफ होऊन, आणि वाफेबरोबर क्षार जात नाहीत. घरी पातेल्यात पाणी आटवले, की तळाला पांढरा थर राहतो, तसेच हे लाखो वर्षे चालले आहे. म्हणून ते पाणी खारेही आहे आणि अल्कधर्मीही, म्हणजे सोड्यासारखे. २०२० च्या जूनमध्ये ते एकाएकी गुलाबी झाले, तेव्हा लोक घाबरले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासले, तर पाणी आटून खारेपणा वाढल्यामुळे मिठात वाढणारे सूक्ष्म जीव बळावले होते. त्यांच्याच रंगाने पाणी गुलाबी झाले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणारचा समावेश रामसर यादीत, म्हणजे जगातील महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत झाला.

असो. लोणारला आकाशाने खळगा खणला. बाकी ठिकाणी माणसांना खणावा लागला, आणि त्यांनी तो खणला. आपल्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यात कंधारला जगत्तुंग समुद्र नावाचा तलाव आहे. तो राष्ट्रकूटांच्या काळचा, म्हणजे हजार वर्षांपूर्वीचा. तलावाला समुद्र म्हणण्यात थोडी बढाई असेल, पण कोरड्या मुलखात पाणी साठवणाऱ्याला तेवढी बढाई शोभते. सोलापूरचे तळे बाराव्या शतकातील सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या श्रमातून खणले असे परंपरा सांगते. कोकणात मालवण तालुक्यात धामापूरचा तलाव आहे. तो १५३० साली विजयनगरच्या मांडलिक नागेश देसाई यांनी बांधला, आणि आजही त्यात पाणी आहे. पाच शतके टिकलेल्या या बांधकामाचा २०२० साली जागतिक वारसा सिंचन स्थळांत समावेश झाला. मुंबईसारख्या समुद्रात बसलेल्या शहरालाही पिण्यासाठी तळीच बांधावी लागली. विहार १८६० साली, तुळशी १८७९ साली.

परंतु तळ्यांचे खरे राज्य पाहायचे असेल, तर विदर्भाच्या पूर्व टोकाला, भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांत गेले पाहिजे. तेथे गावागणिक तलाव आहेत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर मिळून साडेसहा हजारांवर जुने मालगुजारी तलाव आहेत. त्यांतले अनेक कोहळी समाजाच्या लोकांनी बांधले. तलाव बांधील त्याला त्या पाण्याखाली भिजेल तेवढी जमीन इनाम, असा चांद्याच्या गोंड राजांनी रिवाज घातला होता, असे सांगतात. खरे म्हणजे याहून शहाणा कायदा शोधून सापडणार नाही. ज्याचा तलाव चांगला त्याची जमीन मोठी. नवेगाव बांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीस बांधला असे मानतात. डोंगरांच्या रांगेतल्या मोकळ्या जागा नेमक्या हेरून त्या बांधांनी बुजवल्या, आणि सारे खोरे तळे होऊन बसले. ज्यांनी हे केले त्यांच्याजवळ दुर्बीण नव्हती, नकाशा नव्हता. पावसात उभे राहून पाणी कोठून कोठे धावते एवढे त्यांनी पाहिले होते.

त्या लोकांची भाषाही ऐकण्यासारखी आहे. लहान तळ्याला ते बोडी म्हणतात. तलावातून पाणी सोडण्याच्या मोरीला तुडुम म्हणतात. आपल्याकडेही असे शब्द आहेत. तळ्याच्या मातीच्या बांधाला पाळ, जादा पाणी जाते तो सांडवा, जेथून पाणी वाहून येते तो पाणलोट, पाणी ओसरल्यावर ओल्या जमिनीत करतात तो गाळपेरा. शिक्षकांनी आपल्या गावच्या म्हाताऱ्या माणसांकडून असे शब्द गोळा करून ठेवावेत. शब्द गेला की त्यामागचे कामही विसरले जाते.

त्या मालगुजारी तलावांचे पुढे काय झाले? तलाव मालगुजाराचा होता तोवर दरवर्षी पाळ बांधणे, तुडुम साफ करणे, पाट उपसणे ही कामे ठरलेली होती. गावकरी ती करीत, कधी खुशीने, कधी सक्तीने. मध्य प्रांतातील मालगुजारी १९५० च्या कायद्याने गेली, आणि ती गेली हे न्यायाचेच झाले. पण तिच्याबरोबर तलावांची वार्षिक निगाही सुटली. तलाव सरकारचा झाला, आणि जो सगळ्यांचा झाला त्याची काळजी कोणीच घेईना. पाळी खचल्या, पोटात गाळ साचला. शे-दोनशे वर्षे टिकलेले तलाव एका पिढीत उथळ झाले.

येथेच आजच्या विषयाचा गाभा आहे, म्हणून जरा थांबून गाळाचा हिशेब पाहू. आपल्या भागात दसऱ्यापासून मृगापर्यंत उघड्या पाण्यावरून सव्वा ते दीड मीटर जाडीचा थर नुसत्या उन्हावाऱ्याने उडून जातो. आता एका तलावात दसऱ्याला चार मीटर पाणी आहे असे धरा. दीड मीटर उडाले, तरी अडीच मीटर माणसांना, गुरांना आणि पिकांना उरले. त्याच तलावात गाळ भरला आणि खोली दोन मीटरच राहिली. पाण्याचा विस्तार तेवढाच, ऊन तेवढेच, म्हणून दीड मीटर उडणार ते उडणारच. उरले किती? अर्धा मीटर. खोली निम्मी झाली आणि हाती येणारे पाणी एक पंचमांश झाले! गाळ एकदा चोरी करतो आणि उन्हाला दुसरी चोरी करायला दार उघडून देतो. ‘पाऊस तर चांगला झाला, मग मार्चमध्येच तळे आटले कसे?’ या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा आभाळात नसते, तळ्याच्या तळाशी असते.

आता मोठ्या जलाशयांकडे वळू. स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्राने इतकी धरणे बांधली, की देशातील सर्वांत अधिक मोठी धरणे आज आपल्या राज्यात आहेत. त्यांची संख्या दोन हजारांवर जाते. कोयनेचा शिवसागर, पैठणचा नाथसागर, भीमेवरचे उजनी ही नावे सर्वांना ठाऊक आहेत. नाथसागराची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झाले. भरलेला नाथसागर सुमारे साडेतीनशे चौरस किलोमीटर पसरतो. एवढे मोठे पाणी पाहून परदेशी पक्षीही हिवाळ्यात येथे मुक्कामाला येऊ लागले. उजनीचे पाणी उतरले, की पळसदेवच्या जुन्या मंदिराचे शिखर वर येते, आणि पाण्याखाली एक गाव होते याची आठवण होते. प्रत्येक मोठ्या जलाशयाच्या पोटात अशी गावे आहेत. कोणाचे तरी घर, वावर, देवाचा पार आणि स्मशानभूमी पाण्याखाली गेली, तेव्हा आपल्या शेतात कालवा आला. तलावाची निगा न राखणे म्हणजे त्या लोकांचा त्याग मातीत घालणे होय, असे मला वाटते.

हिंगोली जिल्ह्याच्या वाट्यालाही असे तीन जलाशय आले आहेत. पूर्णेवर वर येलदरी आणि खाली सिद्धेश्वर, तर पैनगंगेवर इसापूर. येलदरी परभणी आणि हिंगोली जिल्ह्यांच्या सीमेवर आहे, सिद्धेश्वर औंढा तालुक्यात, आणि इसापूर हिंगोली-यवतमाळच्या सीमेवर. सोलापूरच्या तळ्यालाही सिद्धेश्वराचेच नाव आहे, पण त्याचा आणि आपल्या धरणाचा संबंध नाही. एकाच नदीवर इतक्या जवळ दोन धरणे कशाला, असे पाहुणे विचारतात. त्याचे उत्तर सोपे आहे. येलदरी ही मोठी कोठी आहे. तिच्यातून पाणी सोडताना ते यंत्रावर पडते आणि वीज तयार होते. तेच पाणी खाली सिद्धेश्वर झेलतो आणि कालव्याला लावतो. तो कालवा वसमत, परभणी, नांदेडकडच्या शिवारांत जातो. म्हणजे एकाच पाण्याकडून दोन कामे करून घेतली आहेत. ज्या वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ती हळद आठ-नऊ महिने जमिनीत उभी असते. पावसाळा सरल्यावर तिला पाणी कोठून येते, याचा विचार ती फोडणीत टाकताना कोणी करीत नाही, एवढेच.

वर्तमानपत्रात आणि रेडिओवर आपण ऐकतो, ‘सिद्धेश्वर धरणात उपयुक्त साठा शून्य टक्के.’ मग एखादा काठावरचा माणूस म्हणतो, “शून्य कसा? मी तर आत्ताच पाणी पाहून आलो.” दोघेही खरे बोलतात. धरणाच्या मोरीच्या तोंडाखाली जे पाणी राहते, ते कालव्यात येऊ शकत नाही. त्याला मृतसाठा म्हणतात. मोरीच्या वर असते ते उपयुक्त. सिद्धेश्वराची एकूण क्षमता सुमारे २५० दशलक्ष घनमीटर आहे आणि त्यांतले उपयुक्त पाणी सुमारे ८१ दशलक्ष घनमीटरच आहे. बाकीचे सगळे मृतसाठ्यात. येलदरीची एकूण क्षमता सुमारे ९३४ दशलक्ष घनमीटर, आणि इसापूरचा उपयुक्त साठाच सुमारे ९६४ दशलक्ष घनमीटर. हे आकडे मोठे वाटतात, म्हणून एक मोजमाप लक्षात ठेवा : एक घनमीटर म्हणजे हजार लिटर, आणि एक दशलक्ष घनमीटर म्हणजे शंभर कोटी लिटर. मृतसाठ्याची जागा काही अंशी गाळासाठीच सोडलेली असते. आपल्या धरणात गाळ येणार हे बांधणाराला पहिल्या दिवसापासून माहीत असते. तो किती वेगाने येतो, हे मात्र वरच्या डोंगरावर झाडे किती आणि शेतांना बांध किती, यावर अवलंबून आहे.

गाळ म्हणजे नुसते संकटच, असेही समजू नका. नाशिक जिल्ह्यात गोदावरीवर नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा आहे. त्याच्यामागे गाळ साचत गेला, उथळ पाणी आणि दलदल झाली, बेटे तयार झाली, आणि हजारो पक्षी तेथे उतरू लागले. २०२० च्या जानेवारीत रामसर यादीत गेलेली महाराष्ट्राची पहिली जागा हीच. लोणारच्याही आधीची. आणि शेतकऱ्याला तर गाळाची किंमत वेगळी सांगायला नकोच. डोंगरावरून वाहून आलेली ती आपल्याच शेताची वरची, सुपीक माती आहे. माळरानाच्या हलक्या जमिनीवर तळ्याचा गाळ पसरला, तर ओल अधिक दिवस टिकते. म्हणून २०१७ साली राज्याने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ अशी योजना काढली. नावातच सगळा हिशेब आहे : जे तळ्यात नको, ते शेतात हवे.

१९७२ च्या दुष्काळाचे नाव काढले, की आमच्या घरची वडील मंडळी अजून गप्प होतात. त्या साली आणि त्यानंतर रोजगार हमीच्या कामांवर आपल्या मराठवाड्यात कितीतरी पाझर तलाव झाले. बायामाणसांनी डोक्यावरून माती वाहून त्या पाळी घातल्या. पाझर तलावाला कालवा नसतो. त्याचे काम पाणी जमिनीत मुरवण्याचे, म्हणजे खालच्या विहिरींना पाणी पोचवण्याचे. त्याच्या तळाला बारीक चिकण गाळाचा थर बसला, की मुरणे थांबते. तलाव भरलेला दिसतो आणि खालच्या विहिरी कोरड्या पडतात. लोक म्हणतात, तलाव बिनकामाचा. तलाव बिनकामाचा नसतो, त्याचे तोंड बंद झालेले असते.

आता शेवटचा हिशेब, आणि हा फळ्यावर मुलांकडून करून घ्यावा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी बरोबर एक लिटर होते. म्हणजे एक हेक्टरवर दहा हजार लिटर. आपल्या जिल्ह्यात साधारण वर्षी आठशे ते नऊशे मिलिमीटर पाऊस पडतो. आठशेच धरू. एका हेक्टरवर ऐंशी लाख लिटर! आपल्या शाळेच्या आवारावर, गावच्या गायरानावर, डोंगरावर किती पाणी पडते, ते मुलांनी स्वतः काढावे. मग विचारावे, यातले गावात राहिले किती? मागच्या बाकावरच्या त्या मुलाला मी हाच हिशेब करायला दिला. त्याने वहीतून मान वर करून एवढेच म्हटले, “मग सर, टँकर कशाला येतो?” त्या दिवशी वर्गात कोणी हसले नाही.

शिक्षक बंधुभगिनींनो, आपल्या गावचे तळे हाच भूगोलाचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत चांगला तक्ता आहे. हिंगोली शहरात जलेश्वराचे तळे आहे. तसे प्रत्येक मोठ्या गावाजवळ काही ना काही आहेच : गावतळे, पाझर तलाव, निदान एखादा बंधारा. मुलांना घेऊन दसऱ्यानंतर एकदा तेथे जावे. मोठ्या माणसांना बरोबर घ्यावे, मुलांना पाण्यात उतरू देऊ नये. पाळीवर एखादा पक्का दगड ठरवून पाण्याची पातळी त्यापासून किती खाली आहे ते मोजावे आणि वहीत तारीख घालून लिहावे. पुढे दर महिन्याला त्याच दगडापाशी जावे. मे महिन्यात तळ आटला, की गाळ किती साचला आहे ते खणून पाहावे. कोणत्या ओढ्याने माती येते, सांडवा शाबूत आहे का, पाळीवर झाडांची मुळे शिरली आहेत का, हेही पाहावे. अशी वही पाच वर्षे चालली, तर ग्रामसभेत ठेवायला तिच्यासारखा दुसरा कागद नाही. तळे उथळ झाले असे तोंडाने सांगणे निराळे, आणि पाच वर्षांच्या तारखा दाखवणे निराळे.

फिनलंडच्या माणसाला आपल्या तळ्यांची फारशी चिंता करावी लागत नाही. ती बर्फाने खणली आहेत. आपल्याला तशी चैन परवडणार नाही. लोणार सोडले, तर आपले पाणी आपल्याच वाडवडिलांच्या टोपल्यांनी आणि कुदळींनी अडवलेले आहे. ज्यांनी कंधारला समुद्र बांधला, धामापूरला पाळ घातली, नवेगावला खोरे अडवले, त्यांनी आपले काम केले. बहात्तर साली ज्यांनी माती वाहिली, त्यांनीही केले. आता त्या तळ्यांतली माती बाहेर काढण्याची पाळी आपली आहे. येत्या उन्हाळ्यात आपल्या गावचे तळे आटेल, तेव्हा हळहळत बसण्याऐवजी आधी त्याची खोली मोजा.